खार्‍या पाण्यातील आजारी मासे आणि विलगीकरण टाकी

शोभिवंत माशांची काचेची टाकी आता केवळ श्रीमंतांच्या दिवाणखान्यात राहिलेली नाही. शाळेची प्रयोगशाळा, ग्रंथालय, दवाखान्याची प्रतीक्षा-खोली, मध्यमवर्गीय कुटुंबाचे दोन खोल्यांचे घर अशा अनेक ठिकाणी ती दिसते. यांपैकी बहुतेक टाक्या गोड्या पाण्याच्या असतात. तथापि खार्‍या पाण्यातील, म्हणजेच सागरी माशांची हौस बाळगणारी मंडळीही डोंबिवलीसारख्या शहरांतून आढळतात. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत सर्वांना मोह घालतो, हे सांगावयास नको.

मात्र ही हौस जितकी मनोहर तितकीच नाजूक आहे. बाजारातून आणलेला एक नवा मासा थेट मुख्य टाकीत सोडला जातो. आठ-दहा दिवसांत त्याच्या परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागतात. पाहता पाहता ते इतर माशांवरही उमटतात. घाबरून जाऊन कोणी दुकानातील औषधाची बाटली त्याच टाकीत रिकामी करतो. परिणामी उरलेसुरले मासे, कोळंब्या, शंख आणि पाणी शुद्ध राखणारे उपयुक्त जीवाणू या सर्वांवरच संकट येते. हा अनर्थ बहुतांशी टाळता येण्याजोगा आहे. त्यासाठी एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. माशांचा उपचार औषधापासून सुरू होत नाही. तो वेगळे ठेवण्यापासून सुरू होतो. या वेगळ्या ठेवण्याच्या जागेलाच विलगीकरण टाकी असे म्हणतात.

विलगीकरणाची कल्पना

विलगीकरण हा शब्द २०२० साली कोरोनाच्या महासाथीत घरोघरी पोहोचला. परंतु ही कल्पना सहाशे वर्षांहून अधिक जुनी आहे. एड्रिॲटिक समुद्राकाठच्या रागुसा (आजचे दुब्रोवनिक) या बंदराने १३७७ साली साथीच्या प्रदेशातून येणार्‍यांना तीस दिवस बाहेर थांबविण्याचा नियम केला. पुढे ही मुदत चाळीस दिवसांची झाली व चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून 'क्वारंटीन' ही संज्ञा रूढ झाली. आपल्या भागालाही हा अनुभव नवा नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आल्यावर रेल्वेने प्रवास करणार्‍यांची वैद्यकीय तपासणी कल्याण स्थानकावर होत असे.

या सर्व उपायांमागील विचार एकच आहे. रोगाचा शिरकाव झाल्यापासून तो डोळ्यांना दिसू लागेपर्यंत काही काळ जातो. तेवढा काळ नवागताला इतरांपासून दूर ठेवले, तर रोग उघड होतो आणि तो एकाच ठिकाणी आवरता येतो. समुद्रात हजारो लिटर पाण्यामागे एखादाच मासा असतो. त्यामुळे परोपजीवी जंतूंना नवा आश्रयदाता सहजी सापडत नाही. घरातील दोनशे लिटरच्या टाकीत मात्र पाच-सहा मासे कोंडलेले असतात. म्हणूनच समुद्रात किरकोळ ठरणारा रोग टाकीत प्राणघातक होतो.

बाजारपेठ ते डोंबिवली

मुंबईत १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले व सागरी मासे जवळून पाहण्याची संधी सर्वसामान्य नागरिकांना मिळाली. दीर्घकाळ शाळांच्या सहलींचे ते एक ठरलेले ठिकाण होते. अशा मोठ्या संस्थेला समुद्र हाकेच्या अंतरावर असतो. डोंबिवलीच्या रहिवाशाची स्थिती वेगळी आहे. मुंबईतील महात्मा जोतिबा फुले मंडईच्या परिसरातून, म्हणजे जुन्या क्रॉफर्ड मार्केटमधून, मासा घ्यावयाचा तर तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लोकलने सुमारे ४८ किलोमीटर आणावा लागतो. गर्दी, उष्मा व धक्के यांत तास-दीड तास सहज जातो.

या अवधीत पिशवीत काय घडते हे समजून घेणे अगत्याचे आहे. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडत राहतो. त्याच वेळी श्वसनामुळे कार्बन डायऑक्साइड वायू साठून पाण्याचा सामू खाली येतो आणि सामू कमी असेपर्यंत अमोनिया फारसा विषारी ठरत नाही. घरी पोहोचल्यावर पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू वाढतो आणि तोच अमोनिया एकाएकी घातक बनतो. म्हणून बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवून तापमान समान करावे. उघडल्यानंतर मात्र वेळ न दवडता मासा हलक्या हाताने विलगीकरण टाकीत घ्यावा. विलगीकरण टाकीतील क्षारता आधीच पिशवीतील पाण्याइतकी करून ठेवली असल्यास फारच उत्तम. पिशवीतील पाणी कोणत्याही टाकीत ओतू नये.

असा थकलेला मासा रोगाला लवकर बळी पडतो. त्याला निवांत जागा, स्वच्छ पाणी व निरीक्षणाखाली किमान तीस दिवस देणे हेच विलगीकरण टाकीचे पहिले काम आहे. आजारी माशावर उपचार करणे हे तिचे दुसरे काम होय.

टाकीची रचना

विलगीकरण टाकी शोभेसाठी नसते. ती रुग्णालयाच्या खोलीसारखी साधी असावी. लहान आकाराच्या दोन-तीन माशांसाठी ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच अशी काचेची टाकी पुरेशी आहे. ती २२ सेंटिमीटरपर्यंत भरल्यास तीत सुमारे ४० लिटर पाणी मावते. हा आकडा टाकीवर रंगाने लिहून ठेवावा. कारण औषधाचे सर्व हिशेब त्यावर अवलंबून असतात.

टाकीच्या तळाशी वाळू, शंख, शिंपले किंवा प्रवाळाचे दगड ठेवू नयेत. त्यांतील चुनखडी औषधातील तांबे शोषून घेते आणि सांदीकोपर्‍यांत जंतूंना आश्रय मिळतो. माशाला लपण्यासाठी प्लॅस्टिकच्या पाइपचे तुकडे पुरेसे होतात. त्याखेरीज स्पंजाची गाळणी, हवेचा पंप, तापमापक, हिवाळ्यासाठी लहान हीटर व झाकण एवढी सामग्री लागते. क्षारता मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर अथवा हायड्रोमीटर आणि अमोनिया व तांबे तपासण्याचे संच ही खरी आवश्यक साधने आहेत. त्यांवरील खर्च वाचवू नये.

गाळणीचा स्पंज आधी तीन-चार आठवडे निरोगी टाकीत ठेवलेला असावा. त्यात वाढलेले जीवाणू विषारी अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर बर्‍याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. कोरा स्पंज हे काम पहिल्या दिवसापासून करू शकत नाही; पुष्कळ मासे रोगाने नव्हे, तर नव्या टाकीतील अमोनियाने दगावतात.

हातजाळी, बादली, नळी व पुसण्याचे फडके हे सर्व स्वतंत्र असावे. मुख्य टाकीचे काम आधी उरकून मगच विलगीकरण टाकीत हात घालावा व नंतर हात साबणाने धुवावेत. हवेच्या बुडबुड्यांतून उडणार्‍या सूक्ष्म तुषारांबरोबरही काही परोपजीवी पसरतात; म्हणून दोन टाक्यांत किमान तीन मीटर अंतर ठेवावे, शक्य असल्यास खोलीच निराळी असावी.

पाण्याची सिद्धता

डोंबिवलीच्या पश्चिमेस मोठागाव रेतीबंदराजवळ उल्हास खाडीला भरतीचे पाणी येते. ते खारट असले तरी टाकीसाठी कदापि वापरू नये. तेथील क्षारता भरती-ओहोटीनुसार व ऋतूनुसार बदलते आणि त्यात नागरी व औद्योगिक सांडपाणी मिसळलेले असते. स्वयंपाकाचे मीठ अथवा मिठागरातील खडे मीठ पाण्यात विरघळविणे हाही उपाय नव्हे. मिठागरात पाणी आटत असता कॅल्शियमचे क्षार आधीच खाली बसतात आणि मॅग्नेशियमचे क्षार मीठ काढून घेतल्यावर उरणार्‍या पाण्यात राहतात. अशा मिठाचे पाणी चवीला खारट लागेल, परंतु ते समुद्राचे पाणी होणार नाही. त्यासाठी मत्स्यालयाकरिता तयार केलेले कृत्रिम सागरी क्षारच वापरले पाहिजेत.

समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्या हिशेबाने ४० लिटर पाण्यास सुमारे १,४०० ग्रॅम क्षार लागतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळते. छायाचित्रकारांच्या परिचयाच्या 'हायपो'ने, म्हणजे सोडियम थायोसल्फेटने, ते नाहीसे करता येते. क्षार मिसळल्यावर हवेचा पंप लावून पाणी एक दिवस ढवळत ठेवावे. विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास, तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस व सामू ८.१ ते ८.४ असल्याची खात्री करूनच मासा सोडावा. बाष्पीभवनाने केवळ पाणी उडते, क्षार मागे राहतात. म्हणून रोजची घट क्लोरीनविरहित गोड्या पाण्याने भरून काढावी.

रोगाची ओळख

औषधापूर्वी निदान व्हावयास हवे. प्रत्येक पांढरा डाग एकाच रोगाचा नसतो. सर्वसाधारणपणे पुढील लक्षणे लक्षात ठेवावीत.

पांढर्‍या ठिपक्यांचा रोग 'क्रिप्टोकॅरिऑन' या एकपेशीय परोपजीवीमुळे होतो. ठिपके रव्याच्या किंवा मिठाच्या कणाएवढे व सुटे सुटे दिसतात. मासा अंग दगडावर घासतो.

मखमली रोग 'ॲमिलोओडिनियम'मुळे होतो. अंगावर पिवळसर, अतिशय बारीक भुकटी पसरल्यासारखी दिसते. मासा भराभर श्वास घेतो, पाण्याच्या प्रवाहासमोर जाऊन थांबतो व एक-दोन दिवसांतच दगावू शकतो. हा रोग सर्वांत तातडीचा समजावा.

विदूषक माशांत 'ब्रुकलिनेला'चा प्रादुर्भाव वारंवार आढळतो. त्वचेवर दुधाळ, बुळबुळीत थर येऊन तो सोलल्यासारखा निघू लागतो.

चपट्या कृमींमुळे डोळे धुरकट होतात व मासा अस्वस्थपणे अंग घासतो. जीवाणूंच्या संसर्गात पर झिजतात किंवा व्रण पडतात. परांच्या कडेला फुलकोबीसारख्या गाठी दिसल्या, तर तो बहुधा 'लिम्फोसिस्टिस' हा विषाणूजन्य विकार असतो. त्यावर औषध नाही; स्वच्छ पाणी व सकस आहार दिल्यास तो बहुतेक वेळा आपोआप ओसरतो. म्हणजेच काही आजारांत औषध न देणे हाच योग्य उपचार ठरतो.

ठिपके गेले म्हणजे रोग गेला असे नव्हे

पांढर्‍या ठिपक्यांच्या रोगाचे जीवनचक्र शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य समजावून द्यावे, इतके ते उद्बोधक आहे. परोपजीवी माशाच्या त्वचेखाली तीन ते सात दिवस पोसला जातो. तोच आपल्याला ठिपका म्हणून दिसतो. पूर्ण वाढ झाल्यावर तो मासा सोडून तळाशी जातो व स्वतःभोवती कठीण कोष निर्माण करतो. कोषात त्याचे पुनःपुन्हा विभाजन होऊन दोनशेपर्यंत पिले तयार होतात. कोष फुटण्यास तीन दिवसांपासून ७२ दिवसांपर्यंत कितीही काळ लागू शकतो. बाहेर पडलेल्या पिलांना साधारणतः एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही, तर ती मरतात.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ठिपके नाहीसे झाल्याने मासा बरा झाला असे मानणे चुकीचे आहे. तो शत्रूचा केवळ मुक्काम-बदल असतो. औषध माशावरील ठिपक्याला अथवा कोषाला मारीत नाही, ते पाण्यात पोहणार्‍या पिलांना मारते. म्हणूनच उपचार आठवडेच्या आठवडे चालू ठेवावा लागतो. दुसरी, एकाही माशाला लागण दिसली, की मुख्य टाकीतील सर्वच मासे बाहेर काढून ती टाकी सुमारे ७६ दिवस, म्हणजे अडीच महिने, माशांविना ठेवावी. कोळंब्या व शंख तेथेच राहू द्यावेत. त्यांना हा रोग होत नाही. आश्रय न मिळाल्याने परोपजीवी उपाशी मरतो व टाकी कोणत्याही औषधाविना निर्जंतुक होते.

उपचाराचे तीन मार्ग

पहिला मार्ग तांब्याचा. शेतकर्‍यांना परिचित असलेले मोरचूद, म्हणजेच कॉपर सल्फेट, या कामी फार पूर्वीपासून वापरले जाते. पांढरे ठिपके व मखमली रोग या दोहोंवर ते गुणकारी आहे. पाण्यात तांब्याचे प्रमाण दर लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम राखावे लागते. यापेक्षा कमी झाल्यास जंतू मरत नाहीत आणि अधिक झाल्यास मासा मरतो. एवढ्या अरुंद वाटेवर चिमटीचा अंदाज चालत नाही, हिशेबच हवा.

शुद्ध, प्रयोगशाळेच्या दर्जाचे मोरचूद १ ग्रॅम घेऊन ते १ लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवावे. मोरचुदात सुमारे २५.५ टक्के तांबे असल्याने या द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये ०.२५५ मिलिग्रॅम तांबे येते. ४० लिटर पाण्यात ०.१५ मिलिग्रॅम प्रमाण आणण्यासाठी ६ मिलिग्रॅम तांबे, म्हणजे सुमारे २३.५ मिलिलिटर द्रावण लागेल. ते एकदम न घालता तीन दिवसांत विभागून, दररोज सुमारे ८ मिलिलिटर याप्रमाणे घालावे व प्रत्येक वेळी संचाने तपासावे. याउलट कोणी मोरचुदाची चमचाभर, म्हणजे अंदाजे ५ ग्रॅम, पूड टाकली, तर प्रमाण दर लिटरला ३२ मिलिग्रॅमच्या घरात जाईल. ते कमाल सुरक्षित मर्यादेच्या दीडशे पटींहूनही अधिक आहे. फवारणीसाठी मिळणारे शेतीचे मोरचूद यासाठी वापरू नये. बाजारातील तयार औषधांत तांबे अन्य संयुगांच्या रूपात असते. त्यांची मात्रा वेगळी असल्याने वेष्टनावरील सूचनाच पाळाव्यात.

हा उपचार किमान तीन आठवडे चालवावा व तांब्याची तपासणी दिवसातून दोनदा करावी. दहा लिटर पाणी बदलल्यास नव्या पाण्यात त्याच द्रावणाचे सुमारे ६ मिलिलिटर आधीच मिसळावे. या काळात कोळशाची गाळणी लावू नये, ती औषध शोषून घेते. उपचार संपल्यावर मात्र उरलेले औषध काढण्यासाठी तीच उपयोगी पडते. कोळंबी, शंख, प्रवाळ यांना तांबे प्राणघातक आहे. पाकट व लहान मुशी यांनाही ते सोसत नाही. मासा अन्न सोडून धापा टाकू लागला, तर ताबडतोब निम्मे पाणी बदलावे.

दुसरा मार्ग क्षारता उतरविण्याचा. क्रिप्टोकॅरिऑनला कमी खारट पाणी मानवत नाही, माशाला मात्र ते काही काळ सोसते. दर लिटरला ३५ ग्रॅमवरून १५ ग्रॅमपर्यंत क्षारता दोन-तीन दिवसांत टप्प्याटप्प्याने खाली आणावी व तीन ते चार आठवडे तेथेच स्थिर राखावी. परत वर नेताना अधिक सावकाशी हवी. चार-पाच दिवस घ्यावेत. पाणी पातळ झाल्याने सामू घसरण्याचा संभव असतो, त्यावर लक्ष ठेवावे. मखमली रोगावर हा मार्ग निरुपयोगी आहे, कारण तो परोपजीवी कमी खार्‍या पाण्यातही तग धरतो. निदान आधी का हवे, हे यावरून ध्यानात यावे.

तिसरा मार्ग टाकी बदलण्याचा. यात औषध मुळीच लागत नाही; दोन टाक्या व शिस्त मात्र लागते. मासा एका टाकीत तीन दिवस ठेवावा व ७२ तास पूर्ण होण्यापूर्वी ताज्या पाण्याच्या दुसर्‍या स्वच्छ टाकीत हलवावा. असे चार वेळा करावे. प्रत्येक वेळी माशावरून गळालेले जंतू जुन्या टाकीतच राहतात व त्यांचे कोष फुटण्यापूर्वी मासा तेथून निघून गेलेला असतो. रिकामी टाकी, गाळणी व पाइप धुऊन एक दिवस कडकडीत वाळवावेत. हा मार्ग पांढर्‍या ठिपक्यांच्या रोगापुरताच आहे. परंतु तांबे तपासण्याचा संच नसलेल्या शाळांना तो विशेष सोयीचा ठरावा.

चपट्या कृमींसाठी क्लोरीनविरहित गोड्या पाण्यात सुमारे पाच मिनिटे स्नान देतात. त्या पाण्याचे तापमान व सामू टाकीइतकाच असावा आणि त्यात हवा सोडलेली असावी. मासा कलंडल्यास तत्काळ परत घ्यावा. ब्रुकलिनेलावर फॉर्मलिनचा उपयोग होतो, परंतु ते माणसालाही अपायकारक असल्याने जाणकाराच्या देखरेखीवाचून हाताळू नये. प्रतिजैविकांविषयीही असेच म्हणावे लागेल. माणसांसाठीच्या गोळ्या कुटून टाकीत टाकण्याने मासा क्वचितच वाचतो. औषधाला न जुमानणारे जंतू निर्माण होण्याचा धोका मात्र वाढतो. पशुवैद्यक अथवा मत्स्यतज्ज्ञाचा सल्ला घेणे श्रेयस्कर.

नोकरदाराची दिनचर्या

सकाळी लवकर गाडी गाठून रात्री परतणार्‍या डोंबिवलीकराला हे सारे झेपेल काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. वस्तुतः सकाळी दहा व रात्री वीस मिनिटे पुरेशी आहेत. सकाळी श्वासाची गती पाहावी, तापमान व तांबे मोजावे व थोडे अन्न द्यावे. रात्री पुन्हा तांबे, त्याबरोबर अमोनिया व क्षारता मोजावी, उरलेले अन्न काढून टाकावे, आवश्यक तर दहा लिटर पाणी बदलावे आणि सर्व आकडे वहीत नोंदवावेत. वीजपुरवठा खंडित झाल्यास चालेल असा बॅटरीवरील हवापंप जवळ असावा. शाळेत ही वही विद्यार्थ्यांकडे सोपवावी. मोजमाप, टक्केवारी, जीवनचक्र व जबाबदारी या चारही गोष्टींचा पाठ त्यातून मिळतो. सुट्टीच्या काळात टाकीची देखभाल कोण करणार, हे मात्र मासे आणण्यापूर्वीच ठरलेले असावे.

टाकीबाहेरची जबाबदारी

विलगीकरणाचे कर्तव्य घराच्या भिंतीपाशी संपत नाही. आजारी वा नकोसे झालेले मासे तलावात, नदीत किंवा खाडीत सोडणे हे दयेचे कृत्य नव्हे. शोभेसाठी आणलेला सकर मासा आज महाराष्ट्रातील काही जलाशयांत स्थानिक माशांच्या मुळावर आला आहे. १९८८ साली ईशान्य भारतातून देशात शिरलेल्या व्रणरोगाने गोड्या पाण्यातील माशांचे व मच्छीमारांचे केवढे नुकसान केले, हे मत्स्यव्यवसायाशी संबंधित अधिकार्‍यांना ज्ञात आहे. ग्रामपंचायतीच्या तलावात बाहेरून आणलेली बोटुकली सोडतानाही हेच तत्त्व लागू पडते. ती आधी वेगळ्या जागी ठेवून, तपासून मगच तलावात सोडली पाहिजे.

टाकीतील वापरलेले पाणी पावसाळी गटारात ओतू नये, कारण ते गटार अखेर खाडीलाच मिळते. त्या पाण्यात ब्लीचिंग पावडर मिसळून ते एक दिवस ठेवावे व शौचालयावाटे मलनिस्सारण वाहिनीत सोडावे. मेलेला मासा जमिनीत खोल पुरावा.

कायद्याचे भानही आवश्यक आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये समुद्रघोडे व प्रवाळभित्ती बांधणारे प्रवाळ यांना २००१ पासून पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. त्यांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे, मग ती शाळेच्या मत्स्यालयासाठी का असेना. मासा घेताना तो समुद्रातून पकडलेला नसून संवर्धन केंद्रात जन्मलेला असल्याची चौकशी करावी. विदूषक माशांचे संवर्धन आता आपल्या देशात यशस्वीरीत्या होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचे तंत्र विकसित केले असून, ठाणे जिल्ह्यात ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही या दिशेने काम झाले आहे. किनारपट्टीवरील कुटुंबांना यातून पूरक उत्पन्नाची वाट मिळू शकते. तथापि अशा लहान केंद्रात रोग शिरला, तर एका कुटुंबाच्या वर्षाच्या श्रमांवर पाणी पडेल. तेथे विलगीकरण टाकी ही हौस नसून उपजीविकेचे संरक्षण आहे.

मत्स्यरोगांविषयी मार्गदर्शन हवे असल्यास वर्सोवा येथे १९६१ पासून कार्यरत असलेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था, रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय व सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र, तसेच जिल्ह्याचे मत्स्यव्यवसाय कार्यालय यांच्याशी संपर्क साधता येईल.

काचेच्या टाकीतील मासा आपली तक्रार बोलून दाखवू शकत नाही. त्याचे पाणी बदलावयाचे की नाही, हेही तो ठरवू शकत नाही. ज्याने त्याला समुद्रापासून दूर आणले, त्याच्यावरच ती जबाबदारी येते. चाळीस लिटरची एक साधी टाकी, मोजमापाची सवय आणि तीस दिवसांचा धीर यांच्या बळावर बहुतेक मासे वाचविता येतात. मासा विकत घेण्यापूर्वी ही टाकी सिद्ध असावी, एवढा एक नियम प्रत्येक घराने व शाळेने पाळला तरी पुष्कळ साध्य होईल.